नॉर्मल नमुना

आमच्या प्रयोगशाळेत माझ्या रक्ताला फार मान होता. माणूस म्हणून मला किती होता ते सोडा, पण रक्ताला होता. पेशी वाढवायच्या द्रवाची नवी बाटली आली किंवा रंगाचा नवा डबा उघडला, की पहिली चाचणी माझ्या रक्तावर व्हायची. माझ्या पेशी भराभर वाढतात, काचपट्टीवर मोकळ्या पसरतात आणि रंगही झकास घेतात. कात्री म्हणायचा, "बाई, तुमचा स्वभाव सोडला तर तुमचं सगळं नॉर्मल आहे."

कात्री म्हणजे माझा सहकारी. पूर्वी गुणसूत्रांचे फोटो कागदावर छापून, एकेक गुणसूत्र कापून, त्यांच्या जोड्या लावून चिकटवाव्या लागत. त्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. आता ते काम पडद्यावर होतं, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

आमचं काम सांगायला सोपं आहे. लोकांचं रक्त येतं, आम्ही त्यातल्या पेशी वाढवतो, पेशी दुभंगायच्या बेतात असताना त्यांना थांबवतो, रंगवतो आणि आतली गुणसूत्रं मोजतो. सेहेचाळीस असली पाहिजेत. मग तेवीस जोड्या लावायच्या आणि कुठे जास्तीचं आहे का, तुटलंय का, भलत्याला चिकटलंय का ते बघायचं. नव्या तंत्रज्ञांना शिकवायचं कामही माझ्याकडेच आहे, आणि पहिल्या दिवशी मी त्यांना यंत्राला हात लावू देत नाही. आधी शब्द शिकवते. सेल म्हणजे छोटी खोली. बुचाचा पातळ काप ज्याने पहिल्यांदा भिंगाखाली धरला त्याला रिकाम्या खोल्यांची रांग दिसली, आणि त्याने ते नाव देऊन टाकलं. न्यूक्लिअस म्हणजे कवचाच्या आतला बारकासा गर. मायटोसिस म्हणजे पेशीचं दुभंगणं, त्या शब्दात सूत आहे. आणि क्रोमोसोम म्हणजे नुसतं रंगीत अंग. रंग टाकला की उठून दिसतं, एवढंच नाव ठेवणाऱ्याला ठाऊक होतं, आणि त्याने तेवढंच सांगितलं. मला हा प्रामाणिकपणा आवडतो.

मराठीत शब्द पाडणाऱ्यांना मात्र राहवलं नाही. त्यांनी गुणसूत्र असं भारदस्त नाव ठेवलं. आता गुण म्हटला की मागोमाग दोष आलाच. रिपोर्ट न्यायला आलेली माणसं तो अजून हातातही घेत नाहीत आणि विचारतात, "दोष कोणाचा?" रंगीत अंग म्हटलं असतं, तर निदान रंग कोणता एवढंच विचारलं असतं.

हे सगळं ऐकून घेणारं घरात एकच माणूस होतं, माझी वहिनी. ती चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत भिंगं घासते. फ्रेममध्ये बसेपर्यंत काच कडेने घासत राहायची, जरा जास्त घासली की भिंग वाया. त्यामुळे बारीक कामाची तिला कदर आहे. संध्याकाळी ओट्यापाशी उभं राहून ती म्हणायची, "ताई, आज कुठला शब्द?" आणि मी एखादा सांगायची. पेशीला खोली म्हणतात हे तिला सगळ्यात आवडलं होतं. ती म्हणाली, "म्हणजे माणूस म्हणजे नुसती चाळच की हो."

घरात आम्ही चौघं. आई, दादा, वहिनी आणि मागच्या खोलीत मी. मी लग्न केलं नाही, आणि का केलं नाही ते या गोष्टीत येत नाही. आई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली. लोकांच्या लाइनी जोडण्यात आयुष्य गेलं, पण स्वतः फोनवर आणि फोनबाहेर ती फक्त बोलते, ऐकत नाही. दादा मोटार चालवायला शिकवतो. त्याच्या गाडीत त्याच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो. शेजारी बसून इतकी वर्षं दुसऱ्याच्या चुकीवर ब्रेक मारल्यामुळे चूक आपल्या बाजूनेही होऊ शकते हे त्याला कोणी शिकवलेलं नाही.

वहिनीचे तीन गर्भ गेले. तिन्ही वेळा दिवस गेल्याचं कळून घर जरा हसायला लागलं, की मग एका सकाळी वहिनी बाथरूममधून बाहेर यायची आणि कोणाकडेही न बघता पलंगावर जाऊन पडायची. पहिल्या वेळी आई म्हणाली, होतं असं. दुसऱ्या वेळी म्हणाली, जड उचललं असणार. तिसऱ्या वेळेपासून तिने वहिनीशी बोलणंच कमी केलं आणि वहिनीबद्दल बोलणं वाढवलं. "तिच्या आईला तरी किती उशिरा झाली ही. त्यांच्याकडेच काहीतरी पाणी मुरतंय."

तिसऱ्या वेळेनंतर वहिनीने आपण होऊन आमच्याकडे रक्त दिलं. नात्यातल्या माणसाचा नमुना आम्ही स्वतः बघत नाही, त्यामुळे कात्रीने बघितला. सेहेचाळीस, सगळ्या जोड्या जागच्या जागी. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "नणंदेच्याच लॅबमध्ये दिलं, मग चांगलं येईल नाहीतर काय!" मी म्हटलं, आता दादाचं बघू. दादा म्हणाला, "माझं काय बघायचंय? मी ठणठणीत आहे." तो खरंच ठणठणीत आहे. त्याला साधी सर्दीही होत नाही. मी त्याला समजावलं की गुणसूत्रांची अदलाबदल घेऊन माणूस शंभर वर्षं धडधाकट जगू शकतो, फक्त मूल होताना अडचण येते. त्यावर त्याने आईकडे बघितलं, आई माझ्याकडे बघून म्हणाली, "तू तुझं शहाणपण कामावर ठेवून येत जा." विषय संपला.

संपला म्हणजे माझ्यापुरता. त्या दोघांनी तो पुढे नेला होता. एकदा जेवताना आईने जाहीर केलं की वहिनीने थोडे दिवस बहिणीकडे जाऊन राहावं, हवापालट होईल. बहीण दुसऱ्या गावी, रात्रभराच्या प्रवासावर. दादा ताटात बघून जेवत होता. नंतर मी वहिनीच्या खोलीत गेले तर माळ्यावरची मोठी बॅग खाली काढलेली होती आणि आईने तिचे लोकरीचे कपडेसुद्धा आणून ठेवले होते. बाहेर पंखे फुल्ल चालू होते. हवापालटाला जाणाऱ्या बाईला कोणी थंडीचे कपडे बांधून देत नाही.

"ताई," वहिनी म्हणाली, "माझ्यात काही नाही ना? तुम्ही नक्की सांगा. मी जाईन, त्याचं काही नाही. पण माझ्यामुळे झालं असं डोक्यात घेऊन मला जायचं नाहीये."

मी म्हटलं, "तुझ्यात काही नाही."

"मग कशामुळे?"

बऱ्याच जोडप्यांमध्ये कारण सापडतच नाही, असं मी तिला सांगितलं. ते खरं आहे. पण खरं बोलून मी तिला काहीच दिलं नाही, हेही मला कळत होतं.

त्याच सुमारास प्रयोगशाळेत जावई आला. जावई म्हणजे नवं यंत्र. काचपट्टी आत सरकवली की पेशी स्वतः शोधतं, गुणसूत्रं स्वतः मोजतं. त्याला स्वतंत्र खोली, स्वतंत्र एसी, धूळ लागू नये म्हणून आम्ही बाहेर चपला काढायच्या. त्याचं हे कौतुक बघून कात्रीने बारसं करून टाकलं. बसवायला आलेला इंजिनिअर म्हणाला, "आधी एक नॉर्मल नमुना द्या, म्हणजे सेटिंग बरोबर आहे का ते कळेल." नॉर्मल नमुना म्हणजे अर्थात माझा.

जावयाने पहिल्या पेशीत पंचेचाळीस मोजली. दुसऱ्या पेशीत पंचेचाळीस. कधीकधी रंगवताना एखादं गुणसूत्र निसटतं, म्हणून आम्ही पुढच्या पेशी बघत राहिलो. पण जावई सगळी काचपट्टी संपेपर्यंत पंचेचाळीसच म्हणत राहिला. कात्री भडकला. इतका पैसा घालून आणलेल्या यंत्राला पन्नासाच्या आतले आकडे येत नाहीत म्हणाला. इंजिनिअरने भिंग पुसलं, काहीतरी बंद केलं, काहीतरी चालू केलं. पंचेचाळीस. शेवटी तो बिचारा भीत भीत म्हणाला, "नमुना नॉर्मल आहे ना पण?"

"अहो, नमुना तुमच्यासमोर उभा आहे," कात्री माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, आणि सगळे हसले. मीही हसले.

हसता हसता मला प्रश्न पडला, की माझी गुणसूत्रं कोणी मोजली होती? द्रव चांगला आहे का ते बघताना पेशी किती वाढल्या ते बघतात. रंग चांगला आहे का ते बघताना एखाद्या लांबशा गुणसूत्रावरचे पट्टे बघतात. नॉर्मल नमुना मोजायचा नसतो, कारण तो नॉर्मल असतो. हा आमच्याकडचा शिरस्ता, आणि तो कोणी पाडला तेही कोणाला आठवत नाही. गावभरच्या लोकांची गुणसूत्रं आम्ही दोनदोनदा मोजतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

आमच्या दारावर एका पेशीचा मोठा फोटो फ्रेम करून लावलाय. इतकी सुटी, इतकी सुरेख पसरलेली गुणसूत्रं क्वचित मिळतात, म्हणून आमच्या प्रमुख मॅडमनी हौसेने लावलेला. पेशी माझी. त्या दारातून रोज आत जाणारे आम्ही सगळे मोजण्याच्या धंद्यातले. मी मार्कर घेतला, बाहेर गेले आणि काचेवर एकेका गुणसूत्रावर ठिपका देत मोजायला लागले. पंचेचाळीसवर ठिपके संपले. मी पुसून पुन्हा मोजलं. मागे कात्री येऊन उभा राहिला होता.

मग आम्ही दोघांनी बसून जोड्या लावल्या. तेराव्या क्रमांकाचं एकच. चौदाव्या क्रमांकाचं एकच. आणि एक लांबडं, ज्यात दुसरा तेरावा आणि दुसरा चौदावा एकमेकांना टोकाशी चिकटून बसले होते. हरवलं म्हणण्यासारखं काही नव्हतं. आमच्या भाषेत याला ट्रान्सलोकेशन म्हणतात, म्हणजे जागा बदलणं. कात्री हे लोकांना फार छान समजावतो. "कारकुनाची बदली झाली," तो सांगतो, "दुसऱ्याच्या टेबलावर जाऊन बसला. ऑफिसचं काम चालूच आहे, तुम्हाला पत्ताही लागत नाही. पण ऑफिसची दोन भागांत वाटणी करायची वेळ आली की घोळ होतो. एकीकडे दोन कारकून जातात आणि दुसरीकडे एकही नाही." बीजपेशी तयार होताना हीच वाटणी होते. घोळ झालेल्या वाटणीतून राहिलेला गर्भ बहुधा तिसऱ्या महिन्यापलीकडे जात नाही.

"बाई," कात्री हळूच म्हणाला, "तुम्हाला भाऊ आहे ना?"

मला भाऊ आहे. आणि असली बदली बहुधा आईकडून किंवा बाबांकडून येते, म्हणजे भावातही असायची शक्यता निम्मी.

कात्रीचं म्हणणं होतं, घाई करू नका, घरात उगीच वादळ उठेल. मॅडम म्हणाल्या, "तुमचा रिपोर्ट तुमचा आहे. तो कोणाला सांगायचा ते तुम्ही ठरवा. भावाचा मात्र त्याच्या संमतीशिवाय नाही." मी ठरवायला फार वेळ घेतला नाही. घरच्या भांडणात मी सहसा पडत नाही, मागची खोली त्याच्यासाठीच घेतली आहे. पण ती लोकरीच्या कपड्यांची थप्पी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

जेवणं झाल्यावर मी सांगितलं. फोटोही दाखवला. आई आधी म्हणाली, मशीन बिघडलं असेल. मग म्हणाली, "तुला तर काही झालेलं नाही." मी म्हटलं, मला काही होणारच नाही, माझ्यात ते नुसतं बसून आहे. हे तुझ्याकडून तरी आलंय नाहीतर बाबांकडून.

"त्यांच्याकडूनच," आई लगेच म्हणाली. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली, त्यांना बाजू मांडायची सोय नव्हती. जिवंतपणीही फारशी नव्हती.

दादा फोटोकडे बघत बसला होता. मी म्हटलं, "तुझ्यात असेलच असं नाही. निम्मी शक्यता."

"म्हणजे नसण्याचीही निम्मी," तो म्हणाला. "ठीक आहे. देतो रक्त. एकदा मिटून जाऊ दे."

वहिनी भांडी पुसत होती. तिने हात थांबवले नाहीत, पण म्हणाली, "मग रिपोर्ट येईपर्यंत मी थांबते." थांबू का असं तिने विचारलं नाही.

दादाचा नमुना कात्रीने घेतला आणि मला त्या बाकाजवळ फिरकू दिलं नाही. रिपोर्ट मॅडमनी दादाला बोलावून स्वतः दिला. दार बंद होतं. बाहेर कात्रीने माझ्याकडे बघून नुसता चष्मा काढला आणि पुसायला घेतला, त्यावरून मला कळलं. आणि मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? सख्ख्या भावाच्या पेशीत बिघाड निघाला म्हणून मला आनंद झाला, आणि तो बराच वेळ टिकला. वहिनी सुटली, एवढंच माझ्या मनात होतं.

दादा बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. "घरी तूच सांग," तो म्हणाला, "मला नाही जमणार."

घरी मी सांगितलं. जसं कामावर सांगते तसंच, सावकाश आणि सोप्या शब्दांत. दादातही तेच, तेरावा आणि चौदावा एकत्र. तीन वेळा जे झालं त्याचं बहुधा हेच कारण. यावर उपाय आहेत. पुन्हा प्रयत्न करता येतो, चांगली वाटणी होऊन धडधाकट मूलही होऊ शकतं, आधी तपासून घ्यायच्याही पद्धती आहेत. मी बोलत होते तेव्हा दादा खुर्चीत बसून गुडघ्यांकडे बघत होता. मग त्याचे खांदे हलायला लागले. मी त्याला लहानपणानंतर रडताना बघितलं नव्हतं.

आई उठली. ती गुडघेदुखीमुळे उठायचं टाळते, पण उठली. त्याच्याजवळ जाऊन तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्या फारशा ओळखीच्या नसलेल्या मऊ आवाजात म्हणाली, "रडू नकोस रे राजा. तू काय मुद्दाम केलंस का? शरीर आहे. एकेकाच्या नशिबी असतं. यात तुझा काही दोष नाही."

वहिनी दारात उभी होती. सगळं ऐकून होईपर्यंत तिचा चेहरा शांत होता, खरं तर थोडा सुटल्यासारखा. आईचं शेवटचं वाक्य कानावर पडलं आणि तिचे डोळे भरून आले. तीन वेळा पलंगावर पडून राहिली तेव्हा ती आमच्यासमोर रडली नव्हती.

"आई," ती म्हणाली, "तुम्हाला हे बोलता येत होतं?"

आईला प्रश्न कळला नाही. किंवा कळला, मला सांगता येत नाही. तिने माझ्याकडे बघितलं, जणू मी काहीतरी समजावून सांगेन. मला तिचा राग आला होता आणि कीवही येत होती, आणि दोन्हींचा कोणाला उपयोग नव्हता.

वहिनीने पदराने डोळे पुसले. मग दादाला म्हणाली, "एक विचारू? माझ्यात सापडलं असतं तर?"

दादाने मान वर केली. काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. चांगलं खोटं त्याला वेळेवर सुचत नाही, हा त्याचा गुण म्हणायचा. उत्तर सगळ्यांना माहीत होतं, ते आतल्या खोलीत पलंगापाशी बांधून तयार होतं.

वहिनी आत गेली. बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात बॅग होती आणि लोकरीचे कपडे तिने वरून वेगळे घेतले होते, कारण ते बॅगेत मावत नव्हते.

"अगं, आता कशाला?" आई म्हणाली. "आता जायची काय गरज आहे?"

दादा उठायला लागला. "थांब, मी सोडतो. गाडी काढतो."

"नको," वहिनी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "तुम्ही बसा. तुमच्याजवळ आई आहेत."

दादा अर्धवट उठलेला पुन्हा बसला. आईचा हात अजून त्याच्या डोक्यावरच होता.

मी चपला घातल्या, वहिनीच्या हातातले कपडे घेतले आणि तिच्याबरोबर जिना उतरले.